सभा मैदानातूनच बघावी

प्रचारसभा आता घरबसल्या दिसते. नेत्याच्या कपाळावरचा घामसुद्धा स्पष्ट दिसतो. दिसत नाहीत ती समोर बसलेली माणसं. कॅमेरा त्यांच्यावरून एकदा फिरतो आणि लगेच व्यासपीठाकडे वळतो. म्हणून पहिल्यांदा मतदान करणाऱ्या प्रत्येकाने निदान एक मोठी सभा मैदानात बसून ऐकावी, असं मला मनापासून वाटतं. 2024च्या विधानसभेला माझी भाची पहिल्यांदा मत देणार होती. ‘मावशी, भाषण यूट्यूबवर येईलच की,’ असं ती म्हणत होती. तरी तिला घेऊन मी आमच्या तालुक्याच्या बाजार समितीच्या आवारातल्या सभेला गेले.

सभा दुपारी बाराची होती. अशी वेळ विचित्र वाटते, पण तिला कारण आहे. मोठे नेते दिवसाला तीन-चार सभा करतात, हेलिकॉप्टरने फिरतात आणि तात्पुरत्या हेलिपॅडवरून अंधार पडल्यावर उडता येत नाही. सकाळच्या सभेला उशीर झाला की पुढच्या सगळ्या लांबतात. आमच्या सभेला नेते तीनच्या सुमाराला आले. तोवर स्थानिक कार्यकर्त्यांची भाषणं, मग गाणी, मग पुन्हा भाषणं. पूर्वी ही वेळ शाहीर सांभाळत. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकर यांचा आवाज ऐकायला माणसं मुद्दाम येत. नुसती वेळ भरून काढणारी ती मंडळी नव्हती. आज त्या जागी एलईडी पडदा आणि ध्वनिमुद्रित प्रचारगीत असतं. हे नुकसान मोठं आहे.

व्यासपीठासमोर बॅरिकेड लावून एक पट्टा मोकळा ठेवलेला असतो. बंदोबस्तातले पोलीस त्याला ‘डी’ म्हणतात. त्यामागे निमंत्रित आणि पत्रकार, मग महिला, मग बाकीचे. गर्दी आपोआप जमत नाही. गावागणिक गाड्या ठरतात, कोणत्या गाडीत कोण हे बूथप्रमुख बघतो. काही ठिकाणी रोजंदारी ठरवून माणसं आणली जातात, हेही खरं. पण एवढ्यावरून समोरची सगळी गर्दी ‘भाड्याची’ म्हणून निकालात काढणं मला मान्य नाही. आमच्या शेजारच्या बायका बचत गटाच्या गाडीने आल्या होत्या आणि भाषणातला कोणता मुद्दा आपल्या गावाला लागू होतो, यावर त्यांची हलक्या आवाजात चर्चा चालली होती.

मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते सोयाबीनचा विषय निघाल्यावरचं दृश्य. तोपर्यंत मागची पुरुष मंडळी शेंगदाणे खात उभी होती. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता आणि बाजारात चार हजारांच्या आसपास मिळत होते. भावाचा आकडा कानावर येताच शेंगदाण्याच्या पुड्या थांबल्या. एका शेतकऱ्याने खिशातून अडत्याची पट्टी काढून माझ्या भाचीपुढे धरली. वजन, ओलाव्यापोटी केलेली कपात, हमाली, तोलाई, हातात आलेली रक्कम: सगळं निळ्या शाईत लिहिलेलं. व्यासपीठावरून सांगितलेला भाव आणि पट्टीवरचा भाव यांतला फरक त्याने बोट ठेवून दाखवला, पट्टी घडी करून परत खिशात ठेवली आणि पुढचं भाषण ऐकू लागला. टाळी त्याने वाजवली नाही. ही न वाजलेली टाळी यूट्यूबवर कुठून येणार?

गर्दीतून एक माणूस व्हिडिओ कॅमेरा घेऊन फिरत होता, तो वाहिनीचा नव्हता. निवडणूक यंत्रणेचं व्हिडिओ पथक सभेचं चित्रण करतं: खुर्च्या, मंडप, कमानी, फलक, गाड्या. दुसरं पथक ते बघून मोजदाद करतं आणि जिल्हा प्रशासनाने ठरवलेल्या दरपत्रकाप्रमाणे खुर्चीपासून चहापर्यंतचा खर्च उमेदवाराच्या नावे मांडला जातो. विधानसभेला राज्यात ही खर्चमर्यादा 40 लाख रुपये आहे, लोकसभेला 95 लाख. मान्यताप्राप्त पक्षाला 40 स्टार प्रचारक नेमता येतात. त्यांच्या प्रवासाचा खर्च उमेदवाराच्या खात्यात येत नाही, मात्र उमेदवार त्यांच्यासोबत व्यासपीठावर बसला की सभेच्या खर्चातला वाटा त्याच्याकडे येतो. हा हिशेब प्रत्यक्षात किती काटेकोर राहतो, याबद्दल मतभेद आहेत. तरी तो कॅमेरा एकदा पाहिला की खर्चमर्यादा म्हणजे काय, ते नीट समजतं.

आता गर्दीच्या आकड्यांविषयी. ‘लाखोंची सभा’ हा शब्दप्रयोग बातमीत फार स्वस्त झाला आहे. बर्कलीचे पत्रकारितेचे प्राध्यापक हर्बर्ट जेकब्स यांनी 1960च्या दशकात मोजण्याची एक साधी रीत सांगितली: विरळ गर्दीत माणशी दहा चौरस फूट धरा, दाट गर्दीत साडेचार. दादरचं शिवाजी पार्क सुमारे 28 एकरांचं, म्हणजे बारा लाख चौरस फुटांच्या थोडं वर. इंच न् इंच दाट भरलं तरी आकडा पावणेतीन लाखांच्या आसपास थांबतो. जिमखाना, व्यायामशाळा, बाग, व्यासपीठ, डी वजा केले की आणखी खाली येतो. बाजार समितीच्या आवारात तर रांगा मोजूनच अंदाज येतो. भाचीने तो काढला; जाहीर झालेल्या आकड्याच्या तो निम्म्याच्या आत होता.

आणि खरी गर्दीसुद्धा मतं सांगत नाही. 2019च्या लोकसभेला राज ठाकरे यांच्या सभा राज्यभर गाजल्या, व्हिडिओ दाखवून केलेली ती भाषणं घराघरांत पोचली. त्यांच्या पक्षाचा एकही उमेदवार नव्हता, आणि ज्या आघाडीला त्यांच्या टीकेचा फायदा होईल असं वाटत होतं, तिला 48 पैकी पाचच जागा मिळाल्या. त्याच वर्षी 18 ऑक्टोबरला साताऱ्यात शरद पवार भर पावसात भिजत बोलले आणि लोकही भिजत बसून राहिले. तिथल्या लोकसभा पोटनिवडणुकीत श्रीनिवास पाटील 87 हजारांहून अधिक मतांनी निवडून आले. दोन्हीकडे माणसं मन लावून ऐकत होती. फरक कशाने पडला, हे सभेच्या फोटोवरून ओळखता येणार नाही.

पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी कळकळीने सांगते. बाहेर पडायची वाट आधी बघून ठेवा आणि बॅरिकेडच्या अगदी पुढे रेटून उभे राहू नका. सप्टेंबर 2025मध्ये तामिळनाडूत करूरला अभिनेते विजय यांच्या प्रचारसभेत चेंगराचेंगरी होऊन 41 जण गेले. लोक तिथे कित्येक तास वाट बघत होते. एप्रिल 2023मध्ये खारघरला सरकारी पुरस्कार सोहळ्यात उन्हामुळे माणसं दगावली. तो प्रचार नव्हता, पण उघड्या मैदानातलं ऊन तेच. पाणी, टोपी जवळ ठेवा, लहान मुलांना नेऊ नका. दुसरं बायकांसाठी: फिरती स्वच्छतागृहं कुठे आहेत ते पोचल्या पोचल्या बघा. आमच्या सभेत हजारो बायकांसाठी ती इतकी कमी होती की कितीतरी जणी पाणी पीतच नव्हत्या. मंडपाला पैसे मिळतात, पण याला मिळत नाहीत, याचा मला राग आला आणि अजूनही येतो.

एका सभेवर थांबू नका. विरोधी पक्षाच्या सभेलाही जा, तिथेही शेजाऱ्याशी बोला. मतदान संपण्याआधीच्या 48 तासांत जाहीर सभा बंद होतात, तेव्हा त्याआधीच्या आठवड्यात गावातल्या चौकात होणारी कोपरासभा गाठा. तिथे डी नसतो, हेलिकॉप्टर नसतं, उमेदवार हाताच्या अंतरावर उभा असतो. मोठ्या सभेनंतर चार दिवसांनी भाची अशाच एका कोपरासभेला माझ्यासोबत आली आणि आमच्या आळीत नळाला दिवसाआड पाणी का येतं, हे तिने उमेदवाराला सगळ्यांदेखत विचारलं. त्याने टाकीच्या रखडलेल्या कामाचं कारण सांगितलं. ते पटलं नाही म्हणून मागून दोघीतिघींनी पुढचा प्रश्न विचारला, आणि मग सभा आणखी अर्धा तास चालली.