जुन्या स्लाइड्स लाल का पडतात? स्कॅन करताना रंग कसे सुधारायचे, जाणून घ्या

घराघरांतल्या कपाटात जुन्या स्लाइड्सचे डबे पडून असतात. उजेडासमोर धरल्या, तर काळे केस लालसर आणि हिरवी झाडं मातकट दिसतात. स्कॅन करून ॲपमध्ये ‘ऑटो’ दाबलं, तरी रंग जागेवर येत नाहीत. असं का होतं?

रंग उडतात कसे?
स्लाइडमध्ये सायन, मॅजेंटा आणि पिवळा असे तीन रंगांचे थर असतात. हे तिन्ही सारख्या वेगाने उडत नाहीत. जुन्या एक्टाक्रोमसारख्या अनेक फिल्ममध्ये सायन आधी फिका होतो. सायनचं काम लाल प्रकाश अडवण्याचं. तोच कमी झाला, की लाल प्रकाश आरपार येतो.

१९३५मध्ये आलेली आणि २००९मध्ये बंद झालेली कोडाक्रोम याला अपवाद. अंधारात ठेवल्यास तिचे रंग अनेक दशकं टिकतात. प्रोजेक्टरच्या प्रकाशात मात्र लवकर उडतात.

‘वॉर्म-कूल’ स्लायडर का पुरत नाही?
हा स्लायडर अख्ख्या फोटोचा रंग एकाच दिशेने सरकवतो. बिघाड मात्र सगळीकडे सारखा नसतो. सावलीच्या भागात रंगद्रव्य जास्त, म्हणून तिथे लाली जास्त. पांढऱ्या भागात मुळात रंगद्रव्य कमी, म्हणून तिथे फरकही कमी. सावली सुधारायला गेलात, तर आकाश बिघडतं.

स्कॅन करताना
• जेपेग नको, १६ बिट टिफ निवडा. ८ बिटमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १६ बिटमध्ये ६५,५३६. रंग ताणल्यावर पट्टे दिसत नाहीत.
• स्कॅनरचं ऑटो करेक्शन बंद ठेवा.
• कोडाक्रोमसाठी वेगळी सेटिंग असल्यास तीच वापरा, नाहीतर निळसर झाक येते. इन्फ्रारेडवर चालणारी धूळ-सफाई या फिल्मवर नीट चालत नाही, ती बंद करा.

एडिट करताना
• मूळ स्कॅनला हात लावू नका, कॉपीवर काम करा.
• ‘लेव्हल्स’ उघडून लाल, हिरवा, निळा हे चॅनल एकेक करून निवडा. आलेख जिथे सुरू होतो तिथे डावं टोक आणि संपतो तिथे उजवं टोक आणा. लालीचा मोठा भाग इथेच जातो.
• उरलेली झाक ‘कर्व्ह्ज’ने काढा. रस्ता, सिमेंटची भिंत अशी राखाडी वस्तू खूण म्हणून धरा.
• सूर्यास्ताचा किंवा दिव्याच्या उजेडातला फोटो मुद्दाम पांढरा करू नका. ती लाली खरी असते.

हे लक्षात ठेवा
सॉफ्टवेअर फक्त उरलेल्या रंगांचा तोल साधतं, पूर्ण उडालेला रंग परत आणत नाही. साडी मोरपंखी होती की हिरवी, हे फोटोतल्या माणसांनाच माहीत असतं. ती घरात आहेत तोवर त्यांना शेजारी बसवून रंग ठरवा. आणि स्कॅन झालं म्हणून स्लाइड्स टाकू नका. कोरड्या, थंड, अंधाऱ्या जागी ठेवा. पावसाळ्यातल्या दमट हवेत त्यांना बुरशी लागते.