लेण्यांचे तिकीट आणि गावाचा वाटा

पर्यटनाला धंदा म्हटले की पुष्कळांच्या कपाळाला आठी पडते. पण धंदा म्हटला की कामकरी आला, त्याची मजुरी आली, आणि पैसा कोणाच्या गल्ल्यात जातो हा प्रश्नही आलाच. आमची परंदवडी ज्या मावळात आहे, त्या मावळापुरता तो पाहू.

मळवलीला गाडीतून उतरले की रुळांच्या एका अंगाला कार्ल्याची लेणी, दुसऱ्या अंगाला भाज्याची, आणि वर लोहगड-विसापूर. कार्ल्याचे चैत्यगृह सुमारे १२४ फूट लांब; त्याच्या छताच्या लाकडी कमानी दोन हजार वर्षे टिकल्या. मला मात्र तेथले शिलालेख अधिक मोलाचे वाटतात. वैजयंतीच्या भूतपाल शेठजीचे नाव तेथे आहे, तसेच दरवाजा करणाऱ्या धेनुकाकटच्या सामी सुताराचेही आहे. (आजच्या कोनशिलेवर गवंड्याचे नाव कोणी पाहिले असेल, तर मला जरूर दाखवावे!) आणखी एक लेख सांगतो की, नहपानाचा जावई उषवदात याने करजिक गाव इथल्या भिक्षूंच्या निर्वाहासाठी दिले. म्हणजे त्या काळी गाव लेण्याला पोशीत होते.

आज लेणे गावाला पोसते काय? तिकिटाचे पैसे केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याकडे जातात. इंग्लंडात बाथ नावाचे जुने शहर आहे. तेथील रोमन स्नानगृहे स्थानिक कौन्सिलच्याच मालकीची आहेत, तिकिटाचे उत्पन्नही तिच्याकडेच येते. आपल्या ग्रामपंचायतीच्या वाट्याला येतो तो कचरा आणि रविवारची मोटारींची कोंडी.

जुलै २०२५ मध्ये लोहगड इतर अकरा किल्ल्यांसह जागतिक वारशाच्या यादीत गेला. आनंदच आहे. पण पायथ्याशी ताक, कणीस, भजी विकणाऱ्या बाईचे काय? फेरीवाल्यांच्या हक्कांचा २०१४ चा कायदा शहरांपुरता आहे. लोणावळ्यात नगरपरिषद आहे, म्हणून तेथला विक्रेता प्रमाणपत्र मागू शकतो; लोहगडवाडीच्या बाईला त्या कायद्याचा आधार नाही. माल तोच, गिऱ्हाईक तेच.

तिकिटातला वाटा मिळवायला दिल्लीपर्यंत भांडावे लागेल, त्याला वेळ लागेल. तोवर ग्रामपंचायतीने विक्रेत्यांची नोंदवही घालावी: नाव, बसण्याची जागा, किती वर्षांपासून. उद्या कोणी जागा खाली करा म्हणत आला, तर त्या बाईच्या हातात निदान एक कागद असेल.