वीस झाडांची सात कशी होतात?

श्रीखंडात घालतात ते जायफळ तुम्ही पाहिलेच असेल. त्याची भावंडे म्हणजे सह्याद्रीतली रानजायफळे. यांतल्या काही जाती पाणथळ जागी, दलदलीत वाढतात. चिखलात मुळांना हवा मिळत नाही. म्हणून ती गुडघ्यासारखी वाकून जमिनीवर येतात आणि श्वसन करतात.

भातखाचरे आणि सुपारीच्या बागा यांसाठी अशा दलदली साफ होत गेल्या. आता तुकडेच उरले आहेत. गोव्यात सत्तरी तालुक्यातली निरंकाराची राय हा असा एक तुकडा. सिंधुदुर्गातल्या बांबर्डे येथील तुकडा २०२१ साली जैविक विविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाला. त्याचे क्षेत्र अवघे २.५९ हेक्टर आहे.

तुकड्यातली झाडे हिरवीगार दिसतात. मग काळजी कसली? ती जनुकांची. एकाच जनुकाची अनेक रूपे असतात. झाडे थोडी असली, की एखादे विरळ रूप केवळ योगायोगाने पुढच्या पिढीत उतरत नाही आणि कायमचे नाहीसे होते. गणित सोपे आहे. झाडांच्या संख्येची दुप्पट करा. दर पिढीत विविधतेचा सरासरी तितकावा भाग घटतो. ५०० झाडे असतील तर हजारावा, १० असतील तर विसावा!

रानजायफळात नर आणि मादी झाडे वेगवेगळी असतात. त्यामुळे नुसती मोजदाद पुरत नाही. नर आणि मादी यांच्या संख्यांचा गुणाकार करा, त्याला ४ ने गुणा आणि एकूण झाडांनी भागा. १० नर व १० मादी असतील तर उत्तर २० येते. पण २ नर व १८ मादी असतील तर येते फक्त ७.२. कारण उघड आहे. सगळ्या रोपांचे बाप दोनच. म्हणजे बहुतेक रोपे एकमेकांची भावंडे! पुढे त्यांच्यातच संकर झाला, की दडलेले घातक गुण उघडे पडतात, रोपे अशक्त निपजतात.

यावर उपाय काय? धनेश पक्षी लाल जायपत्रीसकट बी गिळतो आणि दूर नेऊन टाकतो. म्हणून तुकड्यांमधली मोठी झाडे राखली पाहिजेत. रोपवाटिकेसाठी एकाच झाडाखालचे बी न घेता अनेक झाडांचे घ्यावे. हे बी सुकले की मरते. बरणीत वर्षानुवर्षे टिकत नाही. त्याची पेढी म्हणजे जिवंत झाडच.

आता ५ नर व १५ मादी असतील तर उत्तर किती येईल, ते तुम्हीच काढा.