महायुद्धोत्तर जर्मन मोटारी आणि पुणे जिल्हा : आलिशान वाहनातील तंत्रज्ञानाचा प्रवास

प्रस्तावना :

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जर्मन मोटारींचा विचार बहुधा श्रीमंतीचे प्रतीक किंवा संग्राहकांच्या आवडीचा विषय म्हणून केला जातो. या मोटारींतील तंत्रज्ञान समाजाच्या कोणत्या थरापर्यंत पोहोचले, हा प्रश्न मात्र उपेक्षित राहतो. पुणे जिल्ह्याच्या दृष्टीने तो महत्त्वाचा आहे. शिरूर तालुक्यातील निमोणे यासारख्या गावात मर्सिडीज मोटार क्वचितच दिसेल. परंतु तिच्या एका इंजिनाचा ग्रामीण महाराष्ट्राच्या दैनंदिन प्रवासाशी निकटचा संबंध आहे. प्रस्तुत लेखात या संबंधाचा आढावा घेऊन वारसाजतनाच्या सध्याच्या व्याख्येचा विचार केला आहे.

जर्मन मोटार उद्योगाची पुनरुभारणी :

महायुद्धात जर्मनीतील अनेक कारखाने उद्ध्वस्त झाले. तथापि, कुशल कारागीर आणि अभियांत्रिकी परंपरा टिकून होती. १९४८ च्या चलनसुधारणेनंतर पश्चिम जर्मनीत उत्पादनाला गती आली. १९५१ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात मर्सिडीज-बेंझने सहा सिलिंडरची '३००' ही मोटार सादर केली. चॅन्सेलर कोनराड अडेनॉवर हीच मोटार वापरत असल्याने ती त्यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली.

१९५४ मध्ये न्यूयॉर्क येथे '३०० एसएल' ही स्पोर्ट्स मोटार सादर झाली. वजन कमी राखण्यासाठी तिचा सांगाडा बारीक पोलादी नळ्या जोडून तयार केला होता. बळकटीसाठी या नळ्यांची रचना दोन्ही बाजूंनी उंच घ्यावी लागली, त्यामुळे नेहमीचे दरवाजे बसेनात. परिणामी दरवाजे छताला बिजागऱ्या लावून वर उघडणारे केले गेले. त्यांचे पक्ष्याच्या पंखांसारखे रूप हे मूलतः सांगाड्याच्या गरजेतून आलेले होते. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारण्याची पद्धती चार-स्ट्रोक इंजिनाच्या उत्पादित मोटारीत प्रथम याच मोटारीने आणली. या पद्धतीचे मूळ युद्धकाळातील विमान इंजिनांत होते.

केवळ आलिशान मोटारींवर उद्योग तगत नाही, हेही याच काळाने दाखवून दिले. बीएमडब्ल्यूची '५०७' ही देखणी मोटार १९५६ ते १९५९ या काळात जेमतेम अडीचशेच्या आसपास तयार झाली आणि कंपनीला तोट्यात घेऊन गेली. त्याच वेळी इटालियन परवान्यावर बनविलेल्या 'इसेटा' या छोट्या गाडीची दीड लाखाहून अधिक संख्येने विक्री झाली. १९५९ च्या अखेरीस कंपनी डाइमलर-बेंझच्या ताब्यात जाण्याच्या बेतात असताना उद्योगपती हेर्बर्ट क्वांट यांच्या गुंतवणुकीने ती वाचली. पोर्शेची पहिली मोटार '३५६' हीदेखील सामान्यांच्या फोक्सवॅगनचे सुटे भाग आधाराला घेऊनच १९४८ मध्ये साकारली होती. सारांश, आलिशान वाहन आणि सामान्य वाहन यांची अभियांत्रिकी परस्परावलंबी होती.

भारतातील आगमन :

स्वातंत्र्योत्तर भारतात तयार मोटारींच्या आयातीवर कडक निर्बंध होते. त्यामुळे जर्मन तंत्रज्ञान येथे प्रामुख्याने मालवाहू वाहनांच्या मार्गाने आले. १९५४ मध्ये टेल्कोने डाइमलर-बेंझशी करार करून जमशेदपूर येथे ट्रकचे उत्पादन सुरू केले. पुढे सुमंत मुळगावकर यांच्या नेतृत्वाखाली याच कंपनीने पुण्यात कारखाना उभारला. येथे वाहने तयार होण्यापूर्वी यंत्रे, साचे आणि प्रशिक्षित कामगार घडविण्यावर भर देण्यात आला, ही बाब लक्षणीय आहे.

१९५८ मध्ये फिरोदिया यांच्या पुढाकाराने बजाज टेम्पो ही कंपनी स्थापन झाली. हॅम्बुर्ग परिसरातील विडाल कंपनीची 'टेम्पो' ही तीनचाकी येथे तयार होऊ लागली. एका जर्मन वाहनाचे व्यापारी नाव मराठीत कोणत्याही छोट्या मालवाहू गाडीसाठी सामान्यनाम बनले. भाषाभ्यासकांनीही याची नोंद घ्यावयास हवी.

या कंपनीने पुढे डाइमलर-बेंझचे 'ओएम ६१६' हे सुमारे २.४ लिटरचे चार सिलिंडरचे डिझेल इंजिन परवान्यावर बनविले. हे इंजिन मूळचे मर्सिडीजच्या '२४० डी' या मोटारीत वापरले जात असे. जर्मनीत ज्या इंजिनावर टॅक्सी आणि मध्यमवर्गीयांच्या मोटारी चालत होत्या, तेच महाराष्ट्रात 'ट्रॅक्स'सारख्या वाहनात बसले आणि वडापच्या रूपाने खेडोपाडीचे प्रवासी वाहू लागले. टिकाऊपणा आणि सुलभ दुरुस्ती हे त्याचे गुण खडबडीत रस्त्यांवर अधिक उपयुक्त ठरले. प्रत्यक्ष मर्सिडीज मोटारीची जुळणी पुण्यात, पिंपरी येथील टेल्कोच्या आवारात, १९९५ मध्ये सुरू झाली. २००९ मध्ये चाकण येथे स्वतंत्र कारखाना उभा राहिला. म्हणजे इंजिन आधी आले आणि प्रतिष्ठा नंतर!

वारसाजतनाचा प्रश्न :

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये पुरातन वाहनांच्या नोंदणीचे नियम अधिसूचित केले. पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनांना त्यानुसार स्वतंत्र नोंदणी मिळते. मात्र ही व्याख्या दुचाकी आणि वैयक्तिक वापराच्या चारचाकी प्रवासी मोटारींपुरती मर्यादित आहे. त्यामुळे मुंबईतील संग्राहकाची जुनी मर्सिडीज वारसा ठरते. मालवाहू तीनचाकी टेम्पो किंवा वडापची गाडी मात्र कितीही जुनी झाली तरी या व्याख्येत बसत नाही. तिच्या वाट्याला भंगारच येते. ज्या वाहनांनी प्रदेशाचे अर्थकारण वाहिले, त्यांचाच पुरावा अशा रीतीने नष्ट होत आहे.

समारोप :

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, जर्मन मोटारीचा पुणे जिल्ह्यातील इतिहास दिवाणखान्यापेक्षा गॅरेजमध्ये अधिक सापडतो. रांजणगाव आणि चाकण येथील कारखान्यांत नोकरीची आशा बाळगणारे विद्यार्थी आपल्या वर्गांत आहेत. या उद्योगाची पूर्वपीठिका त्यांना ज्ञात असणे आवश्यक आहे. इतिहास, वाणिज्य आणि मराठी विभागांनी एकत्रितपणे परिसरातील जुने चालक व मिस्त्री यांच्या मुलाखती घेणे, दुरुस्तीच्या परिभाषेतील शब्द संकलित करणे आणि निदान एक जुना टेम्पो महाविद्यालयाच्या आवारात जतन करणे, एवढे कार्य अल्प खर्चात होऊ शकते. ही साधने आज उपलब्ध आहेत. जाणती पिढी निवृत्त होत असल्याने ती फार काळ राहतील असे नाही.