प्रवेश सर्वांना खुला

आमच्या गावाला मंगळवारचा बाजार भरतो. भाजीची ओळ कोणती, मिरची-मसाला कुठे, बांगडीवाला कोणत्या झाडाखाली बसतो, हे गावात कुणाला विचारावे लागत नाही. माझी आई दर मंगळवारी भाजीची पाटी घेऊन त्या बाजारात बसते. पुण्याला शिकायला आले तेव्हा मला जर कुणी सांगितले असते की या शहरातही असाच एक बाजार भरतो, तो मंगळवारचाच नव्हे तर रोज संध्याकाळी भरतो, त्यात नाटके, गाणी, व्याख्याने, चित्रे आणि चित्रपट मांडलेले असतात आणि त्यातला बराचसा माल फुकट असतो, तर माझा विश्वास बसला नसता.

कुणी सांगितले नाही, हीच खरी अडचण झाली. माझे पहिले वर्ष कॉलेज, मेस आणि वसतिगृह या त्रिकोणात संपले. बालगंधर्व रंगमंदिरावरून बस रोज जाई. बाहेर लावलेले नाटकांचे फलक मी खिडकीतून वाचत असे आणि बस पुढे जात असे. ते आपल्यासाठी असेल असे मनातसुद्धा आले नाही. प्रस्तुत लेख घरातून पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेल्या, माझ्यासारख्या मुलामुलींसाठी आहे. पुण्यात जन्मलेल्या वाचकांना यात नवीन काही सापडणार नाही. त्यांनी क्षमा करावी.

प्रथम या बाजाराची मांडणी सांगते. सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी सहाच्या सुमारास व्याख्याने, पुस्तक प्रकाशने आणि सत्कार समारंभ असतात. ते बहुधा टिळक रस्ता, सदाशिव पेठ, नवी पेठ या भागांतल्या सभागृहांत होतात. टिळक रस्त्यावर महाराष्ट्र साहित्य परिषद आहे. ही संस्था १९०६ साली स्थापन झाली. तिच्या माधवराव पटवर्धन सभागृहात मी पहिल्यांदा एक जिवंत लेखक पाहिला. तोवर लेखक म्हणजे पाठ्यपुस्तकातल्या धड्याच्या शेवटी जन्म आणि मृत्यूची साले असलेला माणूस, अशी माझी समजूत होती! नवी पेठेतल्या एस. एम. जोशी सभागृहात सामाजिक प्रश्नांवरच्या सभा आणि परिसंवाद होतात. शनिवार-रविवार हे नाटकांचे दिवस. दुपार, संध्याकाळ आणि रात्र असे प्रयोग लागतात. मोठ्या नाटकांसाठी बालगंधर्व आणि इतर नाट्यगृहे आहेत; नव्या, प्रायोगिक नाटकांसाठी शनिवार पेठेतला सुदर्शन रंगमंच किंवा हिराबागेजवळचे ज्योत्स्ना भोळे सभागृह आहे. तिथे नट आपल्यापासून चार हातांवर असतो, त्याचा श्वासही ऐकू येतो. बालगंधर्वच्या आवारातल्या कलादालनात चित्रांची आणि छायाचित्रांची प्रदर्शने भरतात. तिथे आत जायला पैसे पडत नाहीत आणि चित्रातले काय कळले, असे कुणी विचारत नाही. लॉ कॉलेज रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. ते १९६४ साली सुरू झाले आणि २०२२ साली राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले. तिथे अधूनमधून जुने आणि परभाषांतले चित्रपट दाखवतात.

काही माल बारमाही नसतो, हंगामी असतो. ऑगस्टमध्ये भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडक ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा होते. 'महाराष्ट्रीय कलोपासक' ही संस्था ती १९६३ पासून भरवीत आहे. डिसेंबरमध्ये सवाई गंधर्व महोत्सव असतो. पंडित भीमसेन जोशी यांनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ तो १९५३ साली सुरू केला. जानेवारीत आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव असतो. आणि २१ एप्रिल ते २० मे अशी महिनाभर वसंत व्याख्यानमाला चालते. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने ती १८७५ साली सुरू झाली. ती नेमकी आपल्या परीक्षांच्या दिवसांत येते, याला रानड्यांचा इलाज नव्हता!

आता कुणीही विचारील, की हे फुकट कसे परवडते? मलाही हा प्रश्न पडला होता. चौकशी केल्यावर कळले ते असे. पुष्कळ व्याख्यानांच्या नावापुढे कुणाचे तरी 'स्मृतिव्याख्यान' असे लिहिलेले असते. एखाद्या कुटुंबाने आपल्या माणसाच्या आठवणीसाठी संस्थेकडे रक्कम ठेव म्हणून दिलेली असते. तिच्या व्याजातून सभागृहाचे भाडे, वक्त्याचे मानधन आणि चहा होतो. पुस्तक प्रकाशनाचा खर्च प्रकाशक किंवा लेखक करतो, कारण त्याला पुस्तक लोकांपर्यंत न्यायचे असते. दाराशी टेबल मांडून ते सवलतीत विकले जाते. काही कार्यक्रमांना पतपेढ्या आणि कारखानदार हातभार लावतात. नाट्यगृहांची गोष्ट आणखी वेगळी आहे. बालगंधर्व रंगमंदिर महानगरपालिकेचे, म्हणजे नागरिकांच्या पैशाचे आहे. ८ ऑक्टोबर १९६२ रोजी खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते त्याची कोनशिला बसली आणि २६ जून १९६८ रोजी, म्हणजे त्यांच्या जन्मदिनी, उद्घाटन झाले. मधल्या काळात, जुलै १९६७ मध्ये, ते वारले. स्वतःच्या नावाच्या रंगमंदिराचा पडदा वर गेलेला त्यांनी पाहिला नाही. नाटकाचे तिकीट मात्र घ्यावे लागते आणि ते आपल्याला महाग आहे, हे कबूल केले पाहिजे. मागच्या रांगेचे तिकीट म्हणजे माझे मेसमधले तीन दिवसांचे जेवण होते. म्हणून मी दोन महिन्यांत एक नाटक आणि बाकी सारे विनामूल्य, असा हिशेब ठेवला आहे.

मग दार उघडे असताना आपण आत का जात नाही? माझ्या अनुभवावरून मला तीन कुंपणे दिसतात.

पहिले कुंपण माहितीचे. वर्तमानपत्रात 'आजचे कार्यक्रम' म्हणून बारीक टाइपात यादी येते, पण वसतिगृहात वर्तमानपत्र माझ्यापर्यंत येई तेव्हा त्यातली नोकऱ्यांच्या जाहिरातींची पाने आधीच कुणीतरी नेलेली असत आणि उरलेल्या पानांत यादी असते हे मला ठाऊक नव्हते. आता निमंत्रणे मोबाइलवर फिरतात, पण ती ज्यांच्या ओळखी आहेत त्यांच्यातच फिरतात. ज्याला गरज आहे त्याच्यापर्यंत ती शेवटी पोचतात, किंवा पोचतच नाहीत.

दुसरे कुंपण संकोचाचे. हे सर्वांत उंच. 'प्रवेश सर्वांना खुला' असे पत्रिकेवर छापलेले असते, पण 'सर्व' या शब्दात आपण मोडतो की नाही याची खात्री नसते. मी पहिल्या व्याख्यानाला गेले तेव्हा दारातूनच परत फिरणार होते. आत बहुतेक पांढऱ्या केसांची मंडळी, एकमेकांना ओळखणारी. पुढच्या खुर्च्यांवर 'निमंत्रितांसाठी राखीव' असे कागद. मी शेवटच्या रांगेत, भिंतीला लागून बसले. एक आजी शेजारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "बाळ, पुढे बसावं. आवाज येत नाही इथं." एवढेच. कुणी माझे आडनाव विचारले नाही, गाव विचारले नाही. वक्ता काय बोलला त्यातले निम्मे कळले नाही, पण न कळताही तासभर बसता येते हे त्या दिवशी कळले. गावच्या जत्रेत तमाशा पाहताना किंवा कीर्तन ऐकताना, आपल्याला यातले कळते का, असे आपण कधी विचारतो? तिथे आपण जमिनीवर ऐसपैस बसतो आणि जेवढे पोचेल तेवढे घेतो. सभागृहातही तसेच बसावे.

तिसरे कुंपण वेळेचे, आणि ते आम्हा मुलींच्या वाट्याला अधिक येते. गेल्या ऑगस्टात वर्गातली मैत्रीण मला पुरुषोत्तमच्या प्राथमिक फेरीला घेऊन गेली. रोज संध्याकाळी पाच ते आठ, तीन एकांकिका. पडदा उघडण्याआधी 'अरे, आवाज कुणाचा!' अशी आरोळी उठली आणि मी दचकले. मग मीही ओरडले! याच रंगमंचावर १६ डिसेंबर १९७२ रोजी एका हौशी संस्थेने 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग केला होता, हे मला नंतर वाचनात आले. त्या वेळी एवढेच दिसत होते की रंगमंचावरची मुले आमच्याच वयाची आहेत, नेपथ्य म्हणजे दोन लाकडी ठोकळे आहेत आणि तरीही समोर खरेखुरे घर उभे राहिले आहे. तिसरी एकांकिका सुरू झाली. दोन भाऊ घराची वाटणी करीत आहेत आणि म्हातारा बाप उंबऱ्यात बसून आहे. कोणत्या बाजूला जायचे ते त्याने अजून सांगितलेले नाही. आणि मैत्रिणीने माझा हात ओढला. वसतिगृहाचे फाटक आठला बंद होते. आम्ही वाकून, लोकांच्या गुडघ्यांना धडकत बाहेर पडलो आणि बसमध्ये काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी वर्गातल्या मुलांनी शेवट सांगितला. पण सांगितलेला शेवट आणि पाहिलेला शेवट यांत फरक असतो. तो म्हातारा माझ्या मनात अजून उंबऱ्यातच बसलेला आहे.

फाटकाचा नियम आमच्या काळजीपोटी आहे, हे मला मान्य आहे. आमचे आईवडील याच नियमाच्या भरवशावर आम्हाला इथे ठेवतात. तथापि याच पुण्यात जोतीराव फुले यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाकारले. त्या नाटकाच्या शेवटी एक फसवला गेलेला शेतकरी आणि त्याची बायको, दोघेही, रात्रीच्या शाळेत जायचे ठरवतात. बायकोने दिवस मावळल्यावर शिकायला बाहेर पडावे हा विचार त्या काळी मांडला गेला. आज आपण त्याची सोय लावू शकणार नाही काय?

केवळ तक्रार करून थांबणे बरे नव्हे, म्हणून तीन लहान सूचना नम्रपणे करते. एक, मराठी वाङ्मय मंडळाने दर सोमवारी सूचना फलकावर आठवड्याच्या विनामूल्य कार्यक्रमांची यादी लावावी. कार्यक्रम, जागा, वेळ आणि बसचा क्रमांक एवढे पुरे. ही यादी करण्याचे काम मी आनंदाने करीन. दोन, महिन्यातून एक कार्यक्रम प्राध्यापकांनी आम्हाला सोबत घेऊन पाहावा आणि दुसऱ्या दिवशी त्यावर अर्धा तास बोलावे. पहिल्या वेळी कुणी सोबत असले म्हणजे दुसऱ्या वेळी एकटे जाता येते. तीन, अशा दिवशी प्राध्यापकांच्या सहीची चिठ्ठी असल्यास फाटक दहापर्यंत उघडे राहावे. रविवारी संध्याकाळी तशीही मेस बंद असते. त्या दिवशी वडापाव खाऊन खोलीत पडून राहण्यापेक्षा वडापाव खाऊन गाणे ऐकलेले बरे.

यातून परीक्षेत गुण वाढतील काय? बहुधा नाही. पण एक गोष्ट घडते. ज्या शहरात आपण भाड्याच्या खाटेवर राहतो, ते शहर थोडे आपले होते. तीन-चार व्याख्याने ऐकल्यावर मी एकदा प्रश्नोत्तरांच्या वेळी हात वर केला. माझी बोली तिथल्यांसारखी नव्हती. आवाज कापत होता. वक्त्याने प्रश्न पुरा ऐकला आणि उत्तर दिले. त्या दिवसापासून वर्गातही मी हात वर करते.

त्या रात्री आईचा फोन आला. कुठे गेली होतीस, म्हणून तिने विचारले. भाषण ऐकायला, म्हणून सांगितले.

"तिकीट किती?"

"फुकट होतं, आई."

"फुकट? मग चांगलं नसंल." बाजारात बसणाऱ्या बाईचा हा हिशेब चुकीचा कसा म्हणावा? मग मी तिला ठेवीची गोष्ट सांगितली. कुणीतरी आपल्या माणसाच्या नावाने पैसे ठेवले आहेत, त्याच्या व्याजावर हे चालते, म्हणाले. ती थोडा वेळ गप्प राहिली.

"म्हंजी कुणीतरी आधीच पैसं भरल्यात," ती म्हणाली. "मग जात जा बाई. भरलेलं पैसं वाया घालवू नये."

— द्वितीय वर्ष, कला