पांढरी वाइन : साठवण व बिघाडाची पारख

सन २००१ मध्ये महाराष्ट्र सरकारने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले. तेव्हापासून शेनिन ब्लाँ व सोव्हिन्यों ब्लाँ या पांढऱ्या वाइनच्या जाती नाशिककडील कित्येक मळ्यांत रुजल्या आहेत. परंतु वर्षभर खपून पिकविलेल्या द्राक्षांची वाइन पुष्कळदा कारखान्यात न बिघडता घरच्या फडताळात बिघडते, आणि पाहुण्याने तोंड वाकडे केले म्हणजे बोल मात्र आपल्या द्राक्षांस लागतो. सबब या विषयीं चार शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

पांढऱ्या वाइनचे वैरी तीन : उष्णता, उजेड व हवा. तांबडी वाइन सालींसह आंबवितात, त्यामुळे तीत टॅनिन हे तुरट द्रव्य उतरते व ते तिचे काहीसे रक्षण करते. पांढरीस हा आधार फारच थोडा. म्हणून बाटली १० ते १५ अंश सेल्सिअस उष्णमानात, अंधारात व हलविल्यावाचून ठेवावी. आमच्याकडे वैशाखात पारा ४० अंशांस भिडतो. अशा दिवसांत माळ्यावर किंवा चुलीजवळ ठेवलेली बाटली थोड्याच दिवसांत उतरते. थंड तळघर नसल्यास फ्रिज बरा. बुचाची बाटली आडवी ठेवावी, तेणेकरून बूच ओले राहून हवा आत शिरत नाही. फिरकीच्या झाकणाची उभी ठेवली तरी चालते. उघडलेली बाटली घट्ट बंद करून फ्रिजमध्ये ठेवावी व तीन ते पाच दिवसांत संपवावी. या जातींची साधी वाइन बहुधा दोन-तीन वर्षांच्या आतच प्यावयाची असते. जुनी तितकी चांगली हा समज येथे लागू नाही.

आता पारख. प्रथम पेला उजेडात धरावा. कोवळ्या गवताचा फिका रंग जाऊन तपकिरी छटा आली असेल, तर हवा लागली असे समजावे. अशा वाइनला ठेचलेल्या सफरचंदासारखा वास येतो. शिरक्याचा वास व आंबट झोंबणी ही हवेवर पोसणाऱ्या जंतूंची करणी होय. लुई पाश्चरने १८६६ साली वाइनच्या रोगांवर ग्रंथ लिहून असल्या बिघाडांचा उलगडा केला. भिजलेल्या पुठ्ठ्याचा कुबट वास आला तर दोष बुचाचा. जी वाइन फसफसणारी नव्हे, तीत बुडबुडे व गढूळपणा दिसल्यास ती बाटलीत पुन्हा आंबू लागली असे जाणावे.

मात्र तळाशी खडीसाखरेच्या चुऱ्यासारखे स्फटिक दिसले म्हणून बाटली ओतून देऊ नये. ते द्राक्षांतीलच टार्टारिक आम्लाचे क्षार असून थंडीने खाली बसतात व अगदी निरुपद्रवी असतात.

बिघडलेली वाइन बहुधा विषारी नसते, पण पाहुण्यापुढे ठेवण्याजोगीही नसते. आपल्या बागाइतदार बंधूंनी पेला पुढे करण्यापूर्वी स्वतः एकदा हुंगून पाहावा, एवढीच आमची विनंती आहे.