टाचदुखी आणि पोटरीचा ताठरपणा

सकाळी उठून पहिले पाऊल जमिनीवर टेकताच टाचेत कळ उठावी, चार पावले चालल्यावर ती ओसरावी आणि दिवसभर उभे राहिल्यावर पुन्हा जाणवावी, असे या दुखण्याचे ठरावीक स्वरूप आहे. क्ष-किरण चित्रात टाचेच्या हाडाला वाढलेला काटा दिसला की कारण सापडले असे रुग्णास वाटते. पण असा काटा कधीही न दुखणाऱ्या टाचांतही आढळतो. दुखण्याचे स्थान बहुधा तळपायाच्या तंतुपट्टाच्या टाचेकडील उगमापाशी असते.

या पट्टाचा पोटरीशी संबंध कसा येतो? चालताना टेकलेल्या पावलावरून शरीर पुढे सरकते तेव्हा नडगीला घोट्यावर पुढे झुकावे लागते. पोटरी आखूड असल्यास हे झुकणे अपुरे पडते, टाच वेळेपूर्वी उचलली जाते, आणि उरलेली गती पावलाची कमान दबून भरून निघते. तिचा ताण तंतुपट्टावर पडतो. बोटे वर वळली की हा पट्ट रहाटावरच्या दोराप्रमाणे आवळला जातो, हे हिक्स यांनी १९५४ मध्ये विशद केले होते.

पोटरीतील गॅस्ट्रॉक्नेमिअस स्नायू गुडघा आणि घोटा हे दोन्ही सांधे ओलांडतो, सोलिअस गुडघ्याच्या खालीच सुरू होतो. म्हणून घोट्याची वाकण्याची मर्यादा गुडघा सरळ ठेवून व वाकवून अशी दोनदा मोजावयास हवी. गुडघा वाकविताच घोटा मोकळा झाला, तर दोष मुख्यतः गॅस्ट्रॉक्नेमिअसचा. सिल्फरशोल्ड यांच्या नावाने ओळखली जाणारी ही परीक्षा सोपी खरी, पण मोजताना पाऊल मध्यभागी ढळू दिले तर ताठर घोटाही लवचीक भासतो. घाईच्या बाह्यरुग्ण विभागात ही चूक सहज होते.

रिडल व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ५० रुग्णांची १०० निरोगी व्यक्तींशी तुलना केली. ज्यांचा घोटा शून्य अंशापलीकडे वर वळत नव्हता, त्यांच्यात या विकाराची शक्यता, १० अंशांहून अधिक वळणाऱ्यांच्या तुलनेत, गुणोत्तराने २३.३ भरली. आकडा डोळे दिपविणारा आहे. मात्र त्याची विश्वास-मर्यादा ४.३ पासून १२४.४ पर्यंत पसरलेली होती. शिवाय अशा अभ्यासात ताठरपणा आधीचा की नंतरचा, हे ठरत नाही. दुखणारी टाच टाळून चालणाऱ्याची पोटरीही आखडू शकते.

उपचारात हा भेद उपयोगी पडतो. त्याच वर्षी डिजोव्हानी व सहकाऱ्यांनी जुनाट टाचदुखीच्या रुग्णांत दोन व्यायामांची तुलना केली. आठ आठवड्यांअखेर बोटे हाताने मागे ओढून तंतुपट्टच ताणणाऱ्यांना केवळ अकिलीस कंडरा ताणणाऱ्यांपेक्षा अधिक आराम पडला. यावरून पोटरीचा व्यायाम निरर्थक ठरत नाही. तो एकटा पुरत नाही, एवढेच. तो करतानाही मागच्या पायाचा गुडघा सरळ व टाच जमिनीला टेकलेली हवी. गुडघा वाकला की गॅस्ट्रॉक्नेमिअस सैल पडतो आणि ताण सोलिअसवर जातो.